रोजच्याच रस्त्यावर काय बघायचं? छोटे आनंद टिपण्याची माझी पद्धत

समोरच्या पत्र्यावर रोज सकाळी एक कावळा येतो. तीन-चार वर्षं तरी येत असेल. तो लंगडा आहे हे मला गेल्या वर्षी कळलं. उतरताना तो डावा पाय पोटाशी धरतो, उजव्यावर दोन उड्या मारतो आणि तोल जमेपर्यंत पंख अर्धे उघडे ठेवतो. एकदा दिसल्यावर वाटलं, हे इतके दिवस दिसलं कसं नाही? मी तर रोज त्याच खिडकीत उभी असते!

यात माझा दोष थोडा आणि मेंदूचा जास्त. जे बदलत नाही ते मेंदू गाळून टाकतो. 1804 साली ट्रॉक्सलर नावाच्या स्विस डॉक्टरने हे नोंदवलं होतं. कोऱ्या कागदाच्या मधोमध एक गडद ठिपका काढा आणि कडेला पेन्सिलने फिकट छटा द्या. मधल्या ठिपक्यावर वीस-तीस सेकंद नजर न हलवता रोखली, तर कडेच्या छटा हळूहळू पुसल्यासारख्या होतात. कागदावर त्या असतात, आपल्याला दिसत नाहीत. राहत्या गल्लीचंही थोडं असंच होतं, फक्त तिथे वीस सेकंदांऐवजी वीस वर्षं लागतात.

यावर लोक सहसा सुचवतात की बाहेर पडा, नवीन जागी जा, डोंगर चढा. मला ते फारसं पटत नाही. नवीन जागी सगळंच नवीन असतं, त्यामुळे बारीकसारीक काही हाती लागत नाही. माझा अनुभव उलटा आहे. एकच जागा पुन्हा पुन्हा बघितली की नेहमीचं काय ते पक्कं बसतं, आणि मग त्यातलं आजचं वेगळेपण आपोआप डोळ्यांत भरतं. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

जागा ठरवा, आणि ती सुंदर नसली तरी चालेल

दहा मिनिटं थांबता येईल अशी जागा हवी आणि ती रोजच्या वाटेवरच हवी. खास उठून जावं लागलं तर आठव्या दिवशी कंटाळा येतो, हे लिहून ठेवा. तिथून आभाळाचा एखादा तुकडा दिसावा, जवळ एखादं झाड किंवा निदान भिंतीच्या फटीतून उगवलेलं रोप असावं, आणि माणसांची ये-जा असावी. गॅलरी, जिन्यातली खिडकी, बसथांबा, फाटकाजवळचा कट्टा, काहीही चालेल. बाग असलीच पाहिजे असं नाही.

घराबाहेर पडता येत नसेल त्यांनी खिडकी कमी लेखू नये. रॉजर उलरिक यांनी 1984 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची कडक औषधं कमी लागली. अभ्यास छोटा होता, रुग्णांच्या फक्त 23 जोड्या. त्यावरून खिडकीला औषध म्हणण्याचं कारण नाही, पण पलंग खिडकीकडे सरकवायला एवढं पुरे.

वेळही शक्यतो एकच ठेवा. सकाळी साडेसातची गल्ली आणि सकाळी नऊची गल्ली या दोन वेगळ्या गल्ल्या असतात, एका वहीत दोघींची सरमिसळ नको.

पहिला आठवडा फक्त मोजदाद

या आठवड्यात आनंद शोधायचा नाही. शोधायला गेलं की तो हटकून मिळत नाही आणि आपण स्वतःवरच चिडतो. फक्त काय काय आहे ते मोजायचं.

सुरुवात कानांपासून करा, कारण डोळे फार शहाणे असतात आणि त्यांना सगळं आधीच माहीत असतं. दोन मिनिटं डोळे मिटा आणि प्रत्येक वेगळ्या आवाजाला एक बोट दुमडा. पहिली चार-पाच बोटं पटापट जातात: गाडी, कुणाचं तरी बोलणं, पंखा, चिमण्या. मग थोडा वेळ काहीच सापडत नाही. तिथे थांबू नका, कारण खरी गंमत सहाव्या बोटानंतर आहे. कुठेतरी ओला कपडा झटकल्याचा आवाज, वाळलेलं पान फरशीवरून सरकल्याची खरखर, दूरवर कुणीतरी एकाच जागी थांबून थांबून ठोकत असलेला खिळा. माझी मजल बारापर्यंत गेली आहे. तेरावा माझ्याच पोटातला होता, तो धरला नाही.

पहाटे जाग आली तर पक्षी कोणत्या क्रमाने बोलायला लागतात ते ऐका. सगळे एकदम सुरू होत नाहीत. शरीराच्या मानाने मोठे डोळे असलेले पक्षी साधारणपणे आधी गाऊ लागतात, कारण त्यांना कमी उजेडात भागतं. चार-पाच पहाटा ऐकल्या की रांग पाठ होते आणि एखाद्या दिवशी कुणी रांग मोडली तर चटकन कळतं.

नाकाचा दिवस पावसाआधी किंवा पावसाच्या सुरुवातीला मिळाला तर उत्तम. कोरड्या मातीवर पाणी पडल्यावर येणाऱ्या वासाला 1964 साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. त्या वासात मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा मोठा वाटा असतो, आणि माणसाचं नाक ते अगदी नगण्य प्रमाणात असलं तरी ओळखतं. कामाची गोष्ट पुढे आहे. 2015 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने थेंब पडताना टिपले. थेंब मातीवर आपटला की त्याच्याखाली बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वास हवेत उडवतात. जोरदार पावसापेक्षा हलक्या, मध्यम सरीत हे जास्त होतं. म्हणजे वास घ्यायचा असेल तर पहिल्या चार थेंबांना खिडकी उघडायची. धो धो सुरू झाल्यावर उघडली तर फक्त पडदे भिजतात.

स्पर्शासाठी वेगळा दिवस राखायची गरज नाही. जाता-येता कठड्याला हात लावा. उन्हातला आणि सावलीतला कठडा यांतला फरक कळला की पुरे.

एक झाड धरा

इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळते, तुम्हीही रेंगाळा. एक झाड निवडायचं आणि वर्षभर तेच. दोन नकोत. झाडाचं नाव माहीत नसेल तर सध्या राहू दे.

झाडाखाली उभे राहिलात की आधी वर नाही, खाली बघा. सूर्य बऱ्यापैकी वर असताना जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले असतात. त्यांचा आकार नीट बघा: गोल असतात. वर पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, तिकोनी, चिंचोळ्या, आणि खाली सगळे गोल गोल. कारण ते कवडसे म्हणजे सूर्याची चित्रं आहेत. प्रत्येक लहान फट, भिंगाऐवजी नुसतं सुईने पाडलेलं छिद्र असलेल्या कॅमेऱ्यासारखं काम करते. खंडग्रास सूर्यग्रहणात याच झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पडतात, तेव्हा वर बघायची गरजही नसते आणि बघूही नये. आणखी एक खेळ आहे. सूर्य डोक्यावर असताना एखाद्या ठसठशीत गोलाची रुंदी मोजा आणि तिला 108 ने गुणा. ज्या फटीतून तो आला तिची उंची साधारण तेवढी निघते. पाच सेंटिमीटरचा गोल असेल तर फट जवळपास साडेपाच मीटरवर. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी भर दुपारी मोजपट्टी घेऊन रस्त्यावर उकिडवी बसले होते. दोघांनी विचारलं, काही हरवलंय का?

मग झाडाच्या एकाच फांदीचं टोक ठरवा, हाताच्या उंचीवरचं. खुणेला मनात काहीतरी धरा, गाठ, वाळलेला देठ, काहीही. दर चार दिवसांनी तेच टोक बघायचं. कोंब फुगतो, त्याच्यावरचं खवल्यासारखं आवरण सुटतं, पान घडी घातलेल्या रुमालासारखं बाहेर येतं. कोवळ्या पानाचा रंग अनेक झाडांत हिरवा नसतोच मुळी, तांबूस असतो. घडी पूर्ण उलगडायला किती दिवस लागले ते तुमच्या झाडाने तुम्हाला सांगू दे, पुस्तकाला विचारू नका.

लाजाळू किंवा शिरीष यांसारखं शेंगवर्गीय झाड जवळ असेल तर संध्याकाळी एकदा चक्कर मारा. पानं मिटलेली दिसतील. 1729 साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशाच मिटणाऱ्या पानांचं रोप दिवसरात्र अंधारात ठेवून बघितलं. ऊन नसतानाही पानं आपल्या वेळेला उघडली आणि आपल्या वेळेला मिटली. म्हणजे घड्याळ झाडाच्या आत होतं. आपल्या गल्लीतलं झाड दिवे लागायच्या आधी मिटतं की नंतर, हे एकदा स्वतः बघितलं की त्या प्रयोगाची गोडी वेगळीच लागते.

सकाळी लवकर बाहेर पडणाऱ्यांसाठी गवताचं एक पातं. पात्याच्या अगदी टोकावर एकच टपोरा थेंब लटकलेला असतो आणि आपण त्याला दवबिंदू म्हणून पुढे जातो. दव पात्यावर सगळीकडे बारीक बारीक पसरलेलं असतं. टोकावरचा एकटा थेंब मात्र बरेचदा बाहेरून आलेला नसतो. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी गवताने स्वतःच टोकातून बाहेर ढकललेलं असतं. गुडघ्यावर बसून त्या थेंबात डोकावा: मागची इमारत, झाड, आभाळ सगळं उलटं, आणि आभाळ खाली. ऊन चढलं की दहा मिनिटांत खेळ खलास.

आभाळाला जास्त वेळ लागत नाही

चंद्राचं एकच सूत्र लक्षात ठेवा: तो रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्य मावळताना उगवतो, मग पुढच्या रात्री कधी दिसेल ते तुम्हीच सांगू शकता. क्षितिजाजवळचा चंद्र प्रचंड मोठा दिसतो तेव्हा हात लांब करून करंगळीचं टोक त्याच्यापुढे धरा. तो सहज झाकला जातो, आणि तीन तासांनी वर आलेला चंद्रही त्याच करंगळीमागे तितकाच झाकला जातो. मोठेपणा डोळ्यांचा, चंद्राचा नाही.

अंधुक तारे बघायचे असतील तर दिव्याखालून आल्या आल्या बघू नका. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. आणि अंधुक ताऱ्याकडे सरळ न बघता किंचित बाजूला बघा, तो जास्त स्पष्ट होतो. कृत्तिकांचा पुंजका यासाठी चांगला, आधी धूसर डाग दिसतो, मग एकेक तारा सुटा होतो. संध्याकाळी एखादा तेजस्वी ठिपका अजिबात लुकलुक न करता काही मिनिटांत आभाळ ओलांडून गेला, तर ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असण्याचा संभव बराच आहे. सुमारे 400 किलोमीटरवरून, आत माणसं घेऊन, दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं ते.

माणसं

झाडाकडे टक लावून बघितलं तर झाड काही म्हणत नाही. माणसांचं तसं नाही, म्हणून इथे थोडे नियम. फोटो काढायचा नाही. वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही. कुणाच्या घराच्या आत बघायचं नाही, फक्त रस्त्यावर सगळ्यांना दिसतं तेवढंच. आणि आपल्याकडे कुणी बघितलं तर नजर चुकवायची नाही, हसायचं.

एवढं पाळलं की गल्लीसारखा करमणुकीचा दुसरा खजिना नाही. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा कुंड्यांना पाणी घालताना प्रत्येक कुंडीशी काहीतरी पुटपुटतात. कित्येक दिवस मला वाटायचं ते झाडांशी बोलतात. एकदा खालून जाताना ऐकू आलं: ‘अकरा, बारा, तेरा.’ मोजतात ते! कोणत्या कुंडीला किती पाणी याचा हिशोब आहे. शाळेला जाणारी एक मुलगी फक्त लाल फरश्यांवर पाय ठेवत जाते, आणि जिथे लाल फरशी तुटली आहे तिथे आईचा हात धरून लांब उडी घेते. आईलाही ते माहीत आहे, ती बोलता बोलता हात वर करते, बोलणं न थांबवता. मला त्या हाताचं फार अप्रूप वाटतं.

पुढची पायरी बोलण्याची आहे आणि मुखदुर्बळ लोकांना ती अवघड जाते, मला गेली. रोज दिसणाऱ्या एका माणसाला आठवड्यातून एकदा एक वाक्य, एवढंच धरा. ‘आज उशीर झाला वाटतं’ किंवा ‘तुमच्या वेलीला कळ्या आल्या.’ दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा चांगलं, कारण त्यातून आपण खरंच काही बघितलंय हे कळतं. 2014 साली गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी दाखवलं की ज्या दिवशी लोकांचं अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं होतं, त्या दिवशी त्यांना जास्त बरं वाटतं. जिवलगांची गोष्टच वेगळी, पण नुसत्या तोंडओळखीलाही वजन आहे.

फोनचं काय करायचं

सुरुवातीला मी पक्ष्यांचा आवाज ओळखणारं अ‍ॅप घेऊन बसले. अ‍ॅप चांगलंच होतं. महिनाभराने लक्षात आलं की माझ्याकडे नावांची लांबलचक यादी आहे आणि त्यातला एकही पक्षी मला आठवत नाही. मी सगळा वेळ पडद्याकडे बघत होते. आता क्रम उलटा केला आहे. आधी पक्ष्याला स्वतःचं नाव द्यायचं, ‘शेपटी आपटणारा’, ‘दारावर टकटक’ असं काहीही. तो तीनदा दिसला की मग खरं नाव शोधायचं. तोवर त्याची चाल, सवय, बसायची जागा ओळखीची झालेली असते आणि नाव चिकटून बसतं.

फोटोबद्दलही हेच. लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेल्या प्रयोगात, ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या वस्तू नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. पण वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला तेव्हा असं नुकसान दिसलं नाही. म्हणून फोटो काढायचाच असेल तर अख्ख्या झाडाचा नको. सालीवरच्या एका भेगेचा काढा.

जमत नाही त्या दिवशी

मन लागत नाही असे दिवस येतात. घरात आजारपण असतं, कामाचा ताण असतो, किंवा काहीच कारण नसतं. अशा वेळी स्वतःला प्रसन्न करायची जबरदस्ती करू नका. जागेवर जा, दोन मिनिटं उभे राहा, एक गोष्ट मोजा. समोरच्या तारेवर किती पक्षी आहेत? सात. घरी या. उदासी बरेच दिवस हटतच नसेल तर हे त्यावरचं उत्तर नाही, डॉक्टरांना भेटा.

दुसरा धोका उलट्या बाजूचा आहे, उत्साहाचा. पंधरा दिवसांत माणूस भिंग घेतो, दुर्बीण घेतो, वेगळी टोपी घेतो. भिंग घ्या, स्वस्त आणि दहापट मोठं दाखवणारं. बाकीचं सहा महिन्यांनी बघू.

लहान मूल बरोबर असेल तर तुम्ही दाखवायच्या भानगडीत पडू नका. ते मुंग्यांपाशी बसलं की तुम्हीही बसा. मुंग्यांच्या रांगेवर आडवं बोट फिरवलं की रांग तिथे थोडा वेळ गोंधळते, कारण वाटेवरच्या वासाची रेघ पुसली जाते. मग एखादी मुंगी पलीकडे पोचते आणि रांग पुन्हा जुळते. मुलाला हे कळल्यावर तुमची दहा मिनिटं चाळीस होतील, तेवढी तयारी ठेवा.

वही

रोज एक ओळ, जास्त नाही. ओळीत क्रियापद हवं, विशेषण नको. ‘आज सकाळ फार सुंदर होती’ ही ओळ वर्षाने वाचलीत तर काहीही आठवणार नाही. ‘कावळ्याने पाव पाण्यात बुडवून खाल्ला’ ही वाचलीत तर पत्रा, ऊन, पाव सगळं परत येतं. ‘छान’, ‘मस्त’, ‘प्रसन्न’ हे तीन शब्द मी वहीत बंदच केले आहेत. काही लिहायला नसेल तर तसंच लिहा: ‘काही नाही. वारा नव्हता.’ तीही नोंदच आहे, पुढच्या वर्षी त्याच सुमाराला वारा असेल तेव्हा तिचा उपयोग होतो.

ओळ जागेवरच लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की ‘काहीतरी पिवळं’ एवढंच उरतं.

आणि तारीख घाला. मी पहिले दोन महिने घातली नाही, इतकं ताजं कसं विसरेन असं वाटायचं. त्या पानांवर एक ओळ आहे: ‘झाडाला पहिली तीन फुलं, सगळी रस्त्याच्या बाजूला.’ काल त्याच बाजूला, त्याच फांदीवर पुन्हा फुलं दिसली, या खेपेला पाच. ती लवकर आली की उशिरा, हे सांगायला माझ्याकडे काही नाही.